नाव ठेवलेली कबुतरी

थॉर्नलॉ या इंग्रजी खाणगावात कबुतराला नाव ठेवायची रीत नव्हती. पायात कडं, कड्यावर आकडे, एवढी ओळख त्याला पुरे. माणसांचं मात्र उलटं. पाद्र्यानं पाणी शिंपडून दिलेलं नाव कागदापुरतं राहायचं. खरं नाव ठेवलं जायचं कबुतरवाल्यांच्या क्लबात, बिअरचे पेले समोर असताना, आणि एकदा ठेवलेलं नाव माणूस मातीआड होईपर्यंत सुटायचं नाही. एकानं खाणीत पहिल्याच दिवशी डब्यातून केक नेला, तो सत्तरीला आला तरी ‘लेडी’. दुसरा पिऊन कुणाच्यातरी कांद्याच्या वाफ्यात झोपला, तो ‘माळी’. आणि शेजारचा म्हातारा टॉट हेपल, ज्यानं अर्ध्या गावाला कबुतरं पाळायला शिकवलं, तो ‘सुईण’. सुईण का, हे क्लिफ गौलंडला माहीत नव्हतं. लहानपणी त्यानं आईला विचारलं होतं, तर ती म्हणाली, “बायाबापड्या परवडल्या या पुरुषांपेक्षा. तू जेव.”

तर ही गोष्ट क्लिफची. वय सोळा. शाळा सुटलेली, खाणीतल्या शिकाऊ पोरांत नाव लागून तिसरा आठवडा. बापाची छाती कोळशाच्या धुळीनं गेली आणि मागोमाग बापही गेला, त्याला दोन वर्षं झाली होती. घरात क्लिफ आणि त्याची आई एडना, दोघंच. घरामागच्या गल्लीतून पुढे गेलं की भाजीपाल्याच्या वाफ्यांची जागा, आणि तिथे बापाच्या वाफ्यावर क्लिफची ढाबळ. जुनी दारं, रेल्वेच्या फळ्या आणि टॉटच्या शिव्या, असं सगळं वापरून बांधलेली.

ढाबळीत अकरा कबुतरं. त्यातल्या एकीला क्लिफनं चोरून नाव ठेवलं होतं. पेग.

निळी चित्री मादी, अंगानं लहान, डोळा नारिंगी. टॉटनं दिलेल्या जोडीच्या अंड्यातून निघालेली. पेगच का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. पिल्लू पहिल्यांदा तळहातावर घेतलं तेव्हा तेच तोंडात आलं. टॉटनं बजावून ठेवलं होतं, “राजा, कबुतराला नाव ठेवायचं नाही. आकड्याची मान पिरगाळता येते. नावाची नाही येत.” म्हणून क्लिफ ते नाव टॉटसमोरही घ्यायचा नाही. ढाबळीचं दार लावून आत, हलक्या आवाजात घ्यायचा.

पेगला एक खोड होती. ती चालायची. पंख असलेल्या प्राण्यानं एवढं चालावं हे त्या गल्लीनं कधी पाहिलं नव्हतं. संध्याकाळी क्लिफ ढाबळ झाकून घराकडे निघाला की ही बाहेर सटकायची आणि त्याच्या बुटांमागे टुकुटुकू चालत यायची. दोन्ही बाजूंना घरांची ओळ, दारोदारी बाया उभ्या, आणि मधून हे दोघं.

“क्लिफ, सोन्या, मागे बघ, बायको येतेय!”

“अरे हळू चाल जरा, दमली बघ बिचारी!”

क्लिफचे कान लाल व्हायचे, पण पाय हळू व्हायचे हेही खरं. घरी आई म्हणायची, “पिसांचा घाण प्राणी माझ्या स्वयंपाकघरात नको,” आणि म्हणता म्हणता पोळपाटावरचे कणकेचे तुकडे खाली सारायची.

दोन उन्हाळे त्यानं पेगला शिकवलं. सायकलच्या मागे टोपली, आधी दोन मैल, मग पाच, मग दहा, मग पार समुद्राच्या कड्यापर्यंत. सोडायचं आणि ऊर फुटेस्तोवर सायकल मारत परत यायचं, तर ही आधीच पोचलेली. शर्यतीच्या कबुतराचं एक असतं: दीडशे मैल उडून आलं म्हणून भागत नाही. शर्यतीपुरतं पायात घातलेलं रबरी कडं काढून घड्याळाच्या पेटीत टाकलं, तीच त्याची वेळ. भलेभले पक्षी वाऱ्यासारखे येतात आणि छपरावर बसून पिसं विंचरत राहतात, खाली मालक दाण्यांचा डबा खुळखुळवून रडकुंडीला येतो. पेग छपराकडे ढुंकून बघायची नाही. क्लिफनं दोन सुरांची शीळ घातली की थेट त्याच्या बुटांमध्ये उतरायची आणि चालत आत जायची. त्या वसंतात पोरांच्या शर्यतीत ती पहिली आली, आणि मेमध्ये सगळ्या क्लबात दुसरी. पहिला आला तो लॅरी रेन, ज्याच्या ढाबळीला रंग दिलेला होता आणि ज्याच्या जिभेला हाड नव्हतं.

“दुसरा आलास,” लॅरी म्हणाला. “दुसरा आलेल्याचं काय करतात ठाऊक आहे का? त्याला म्हणतात, वा, छान. बस.” पण त्यानं क्लिफच्या खांद्यावर हात ठेवला होता. तो हात क्लिफला आठवडाभर जाणवत राहिला.

जूनच्या दुसऱ्या शनिवारी पीटरबरोहून शर्यत होती. सकाळी आठला पक्षी सोडले, आणि दुपारी मधल्या मुलुखात गडगडाटी वादळ उठलं. थॉर्नलॉवर ऊन होतं. लोक वाफ्यांवर खुर्च्या टाकून आभाळाकडे तोंड करून बसले होते. पाचपर्यंत निम्मेसुद्धा पक्षी आले नाहीत. पेग आली नाही. क्लिफ शीळ घालून घालून ओठ कोरडे पडेतो बसला. रविवारी आली नाही. सोमवारी त्याला खाणीवर जावं लागलं, तेव्हा आईनं न सांगता दाण्यांचा डबा उचलला आणि दिवसभर दर तासाला वाफ्यावर जाऊन खुळखुळवला. शेजारणीनं विचारलं तर म्हणाली, “उंदीर झालेत, त्यांना घालवते.”

टॉट रोज कुंपणापाशी येऊन उभा राहायचा. “ज्या यायच्या त्या आल्या,” म्हणायचा. मग थोडं थांबून, “पण ही तशी निराळीच आहे,” असंही म्हणायचा.

आठ दिवसांनी, रविवारी, क्लबाची बैठक होती. क्लिफची पूर्ण सभासद म्हणून पहिलीच. आतापर्यंत पोरांनी दाराजवळच्या बाकावर बसायचं. आता लांब टेबलाला खुर्ची, समोर अर्धा पेला बिअर. सूट बापाचा, बाह्या आईनं आखूड केलेल्या. समोर टॉट. बाजूला लॅरी. टेबलाच्या टोकाला चिटणीस एर्नी स्टोबार्ट, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, पुढ्यात टपालाचा गठ्ठा.

भरकटलेल्या पक्ष्यांची कार्डं वाचणं हा बैठकीतला शेवटचा विषय. कुठल्याशा गावी कुणाच्या अंगणात थॉर्नलॉचं कबूतर उतरतं, तो भला माणूस कड्यावरचा आकडा बघून, विचारपूस करून क्लबाला कळवतो: तुमचा पक्षी माझ्याकडे आहे, काय करू? स्टोबार्ट आकडा आणि मालकाचं नाव वाचणार. मालक उत्तर देणार. स्टोबार्ट तिथल्या तिथे कार्डावर ते उत्तर लिहिणार आणि घरी जाता जाता पेटीत टाकणार. आणि थॉर्नलॉत या प्रश्नाला एकच उत्तर होतं, दोन शब्दांचं. जो पक्षी वाटेत बसला तो गेला. त्याला परत आणणं म्हणजे आपल्याच नामुष्कीची वरात काढणं. शर्यतीचा पक्षी हा शर्यतीचाच पाहिजे, असं सगळे म्हणायचे. मग उत्तर देणाऱ्याला शेजारचा एक पेला पाजायचा. एवढ्यावर सगळं आटपायचं.

त्या दिवशी नऊ कार्डं होती.

“लॅरी रेन. ग्रँथमजवळ.”

“मान पिरगाळा,” लॅरी पेल्यातून तोंड न काढता म्हणाला.

“लेडी. दोन आहेत तुझे.”

“दोघांच्या पिरगाळा. एकमेकांना सोबत होईल.” हशा.

असं होत होत सातवं कार्ड निघालं. “गौलंड सी. नेवार्कच्या अलीकडे.” स्टोबार्टनं चष्म्यावरून पाहिलं. “आपल्या नव्या सभासदाचं पहिलं कार्ड, मंडळी.”

टेबलावरची सगळी तोंडं क्लिफकडे वळली. त्याच्या पोटात काहीतरी एकदम उजळलं, जिवंत आहे, पेग जिवंत आहे, आणि ते चेहऱ्यावर यायच्या आत त्यानं आवरलं. स्टोबार्ट कार्ड डोळ्यांजवळ धरून म्हणाला, “यानं बरंच काही खरडलंय बुवा. बारीक अक्षर आहे. वाचू का?”

“प्रेमपत्र असेल,” लॅरी म्हणाला. “वाच, वाच. ‘प्रिय क्लिफ, तुझी बायको माझ्याकडे पळून आलीय.’”

टेबल खदखदलं. गल्लीतलं हे क्लबापर्यंत पोचलेलं होतं तर. क्लिफला समोर टॉट दिसत होता. टॉट हसत नव्हता. तो पुढे वाकून क्लिफकडे असा बघत होता, की जणू त्यालाच कुणी काही विचारलंय. क्लिफनं त्याच्याकडे बघायचं टाळलं.

“वाचायला काय आहे त्यात,” तो म्हणाला. आवाज बापासारखा जाड निघाला, त्याचं त्यालाच नवल वाटलं. “मान पिरगाळा.”

“बहाद्दर!” लॅरीनं टेबलावर थाप मारली. “पाजा रे याला एक. पुरा पेला पाजा, अर्धा नको.”

स्टोबार्टनं कोऱ्या कार्डावर दोन शब्द लिहिले, आणि आलेलं कार्ड रिवाजाप्रमाणे मालकाकडे सरकवलं. क्लिफनं ते न बघता खिशात घातलं. टॉट आपल्या पेल्यात बघत बसला होता.

पेला संपवून क्लिफ घरी आला तेव्हा दीड वाजला होता. ताटात मांस आणि बटाटे. आई शेजारणीकडे गेली होती. त्यानं कार्ड काढून ताटाशेजारी ठेवलं आणि वाचलं.

‘महाशय, तुमचं कबूतर माझ्याकडे आहे. डाव्या पंखाला तारेचा मार बसलाय, उडता येत नाही, पण खाते चांगली. मी हमरस्त्यावर गवत कापण्याचं काम करतो. मागच्या सोमवारी ती मला रस्त्याच्या कडेनं चालताना दिसली. मंगळवारी दोन मैल पुढे दिसली. गुरुवारी आणखी चार मैल पुढे. रोज उत्तरेकडेच चालत होती. ट्रकखाली येईल म्हणून उचलली. सशाच्या पिंजऱ्यात ठेवलीय, तिथेही उत्तरेच्या कोपऱ्यातच उभी असते. मला कबुतरांतलं कळत नाही. तुम्ही सांगाल तसं करीन. ए. पास्क.’

क्लिफनं ते दोनदा वाचलं. हमरस्ता म्हणजे तोच, जो थॉर्नलॉपासून तीन मैलांवरून जातो. त्याच रस्त्यानं शाळेची सहल गेली होती. ती घरी येत होती. पंख मोडला म्हणून चालत येत होती, संध्याकाळी वाफ्यावरून यायची तशी. आणि त्यानं चार लोकांत तिची मान पिरगाळायला सांगितलं होतं.

तो धावत सुटला. स्टोबार्ट पोस्टाच्या कोपऱ्यावर भेटला, टोपी मागे सरकवलेली, दुपारच्या जेवणाच्या घाईत.

“एर्नीकाका, ती कार्डं...”

“टाकली रे. आपल्या कामात हयगय नाही. का, काही राहिलं?”

लाल पेटी तिथेच होती, हाताच्या अंतरावर. तोंड एवढंसं. पेटी सोमवारी सकाळी उघडते, पोस्टमनला सांगून एक कार्ड परत मागता येतं, हे क्लिफला ठाऊक होतं. त्यासाठी स्टोबार्टला एक वाक्य सांगायला हवं होतं. काका, माझी चूक झाली, मला ती हवीय. एवढंच.

“नाही,” क्लिफ म्हणाला. “सहज विचारलं.”

घरी आला तर आई टेबलाशी उभी, हातात कार्ड.

“चालत येत होती?” आई म्हणाली. “अगं बाई. चालत?” तिनं एप्रनला हात पुसले, कोरडेच होते तरी. “काय कळवलंस मग त्यांना?”

क्लिफ खाली वाकून बुटांच्या नाड्या सोडायला लागला. ती खाणीतल्या माणसाची बायको होती आणि खाणीतल्या माणसाची लेक. तिला सांगावं लागलं नाही.

“कार्ड मंगळवारी पोचेल,” ती म्हणाली. “उद्या नऊला पोस्ट उघडलं की मी तार करते. ठेवून घ्या, येतोय. एवढी तार पुरे.”

“नको!”

“का नको?”

“पोस्टात स्टोबार्टची बायको बसते. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. दुपारपर्यंत सगळ्या क्लबाला कळेल.”

“मग कळू दे की!”

“तुला नाही कळायचं, आई. तू यात पडू नकोस. ती माझी आहे, माझं मी बघतो.”

आईनं ताट उचललं, त्यातलं मांस झाकून ठेवलं आणि एक शब्द बोलली नाही. ती बोलली असती, भांडली असती, त्याचं न ऐकता सोमवारी पोस्टात गेली असती, तर किती बरं झालं असतं, असं क्लिफला पुढे फार वाटायचं. पण मुलगा कमावता झाला की घरातला पुरुष झाला, आणि त्याचा शब्द मोडायचा नाही, ही रीत तिनंही आयुष्यभर पाळली होती. तिला दोष देऊन काय उपयोग. तिला गप्प बसवणाराही तोच होता.

सोमवारी नऊ वाजता क्लिफ जमिनीखाली होता. दिव्याच्या उजेडात मुकादम आधाराचे खांब कसे ठोकायचे ते दाखवत होता, आणि क्लिफच्या डोक्यात पोस्टाचं दार उघडल्याचा आवाज होत होता. दहा वाजले. बारा वाजले. वर आला तेव्हा टपालाची गाडी केव्हाच निघून गेली होती.

संध्याकाळी तो ढाबळीत बसला होता, दार लावून. बाहेरून टॉटनं काठीनं फळीवर टकटक केलं.

“आहेस का? एडनानं सांगितलं मला.” टॉट आत येऊन उलट्या बादलीवर बसला. त्याला दम लागला होता. “कार्ड बघू.”

त्यानं कार्ड हात लांब करून वाचलं, ओठ हलवत. शेवटाला आल्यावर पुन्हा वरून सुरू केलं.

“मला सुईण का म्हणतात, ठाऊक आहे?”

“नाही.”

“एकोणपन्नास साली माझी एक मादी यॉर्कशरमध्ये पडली. पाय मोडलेला. क्लबात कार्ड वाचलं आणि सगळे वाट बघत बसले, मी कधी म्हणतोय ते दोन शब्द. मी म्हटलं, आणायला जातो. आगगाडीनं गेलो. मफलरमध्ये गुंडाळून आणली. बसमधून उतरलो तो नेमका क्लबाच्या दारात, आणि सगळी टोळी बाहेर उभी.” टॉट हसला, खोकला, पुन्हा हसला. “मफलर असा धरलेला, बाळासारखा. कुणीतरी ओरडलं, ‘मुलगा की मुलगी रे सुईणबाई?’ झालं. बावीस वर्षं झाली. माझी बायको गेली तेव्हा लोक घरी आले, तेही म्हणाले, ‘वाईट झालं, सुईण.’ प्रेमानं म्हणाले.”

“मग वाईट नाही वाटलं तुम्हाला?”

“वाटलं की. पहिलं वर्ष फार वाटलं. मग तेच नाव झालं. नावानं माणूस मरत नाही, राजा.” त्यानं ढाबळीतल्या रिकाम्या कप्प्याकडे काठी केली. “ती लंगडी अकरा वर्षं जगली. तुझी पेग तिच्याच घराण्यातली.”

क्लिफनं चटकन वर पाहिलं.

“अरे, पातळ फळ्या आहेत,” टॉट म्हणाला. “दोन वर्षं ऐकतोय मी.”

तो उठला, बाहेर गेला आणि आपल्या ढाबळीतून वेताची टोपली घेऊन आला. जुनी, तेलपाणी केलेली, तळाला ताजा पेंढा घातलेला. “पहाटेची पहिली गाडी घे. दहापर्यंत पोचशील. खेड्यातलं टपाल आहे, कधी उशिरा येतं. कामाला दांडी मार. कुणी विचारलं तर खरं सांग.”

क्लिफ मंगळवारी गेला. गाडीत टोपली मांडीवर घेऊन बसला होता. एका बाईनं विचारलं, “काय आणायला चाललास?” तर त्यानं “कबूतर” म्हटलं, आणि हे म्हणताना त्याला एवढं हलकं वाटलं, की क्लबात हे का म्हणता आलं नाही ते त्याला कळेना. नेवार्कला उतरून बस घेतली. कंडक्टरनं पास्कचं नाव ऐकून रस्त्यावरच उतरवलं. “तो काय, समोरच काम करतोय.”

कडेच्या गवतात एक उंच, वाकलेला माणूस कोयता चालवत होता. जवळ हातगाडी. दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. क्लिफच्या हातातली टोपली बघून त्या माणसानं कोयता खाली ठेवला आणि टोपी काढली. टोपी काढली तेव्हाच क्लिफला कळलं.

“थॉर्नलॉहून आलास का, बाळ?” पास्क म्हणाला. “गौलंडसाहेबांनी पाठवलं?”

क्लिफनं मान डोलावली.

“अरे देवा. टपाल आज साडेसातलाच आलं. कार्ड बघितलं. दोनच शब्द. बायको म्हणाली, दुपारपर्यंत थांबा. मी म्हटलं, ते जाणकार लोक, त्यांनी लिहिलंय म्हणजे काहीतरी कारण असेल. पंख सांधणार नाही, तिला त्रास होत असेल, असं काही. मला यातलं कळत नाही ना. तरी मी चहा घेतला. मग दुसरा कप घेतला. मग नऊला...” त्यानं हात पुढे करून परत मागे घेतले. “त्यांनी मन बदललं का?”

“हो,” क्लिफ म्हणाला.

“कडक माणूस असणार. साहेबांना सांग, तिला काही कळलं नाही. एकदम झालं.” पास्कनं खिशातून घडी केलेला कागद काढला. आत कडं होतं. “हे मी आज टपालानं पाठवणारच होतो. आणि सांग त्यांना, की पाच दिवस ती माझ्या हातून दाणे खायची, आणि पिंजऱ्याचं दार उघडलं की उडायचा प्रयत्नसुद्धा करायची नाही. सरळ चालायला लागायची. मी तिला वळवून आणायचो.” त्यानं टोपी पुन्हा डोक्यावर घातली. “जाऊ दे, नको सांगूस. त्यांना वाईट वाटेल.”

“सांगतो,” क्लिफ म्हणाला. मीच तो, हे शब्द त्याच्या दातांपर्यंत आले होते. पास्कच्या चेहऱ्याकडे बघून ते तिथेच राहिले.

“कुठे पुरलं?”

पास्कनं रस्त्यानं पुढे, उत्तरेकडे बोट केलं. “घरामागे पुरणार होतो. मग वाटलं, सहा मैल चालली बिचारी मोडक्या पंखानं. म्हणून सायकलवर घेतली आणि पुढच्या मैलाच्या दगडापाशी नेली. एक मैल तरी पुढे. वेडेपणाच आहे म्हणा.”

क्लिफ तो मैल चालत गेला. ट्रक अंगावरून गेल्यासारखे जात होते, आणि प्रत्येक ट्रकनं गवत आडवं होत होतं. एवढ्याशा जिवाला या कडेनं सहा मैल काय असतील, हे त्याला आता पायांनी कळत होतं. दगडापाशी ताजी माती थोपटलेली होती. तो दगडाला टेकून बसला, टोपली जवळ घेऊन, आणि दोन सुरांची शीळ घालायला लागला, पण ओठांना आकारच येईना. मग तो रडला. मोठ्यानं, तोंड उघडं टाकून. तिथे त्याला ओळखणारं कुणी नव्हतं.

परतीच्या गाडीत त्यानं ठरवलं, की रविवारी क्लबात सगळ्यांसमोर सांगायचं. मी आणायला गेलो होतो. उशीर झाला. ठेवा काय नाव ठेवायचं ते.

रविवारी लांब टेबलाला तीच तोंडं होती. लॅरीनं क्लिफसाठी आपल्या शेजारची खुर्ची ओढली. “बस, गौलंड,” म्हणाला. आडनावानं म्हणाला, मोठ्या माणसाला म्हणतात तसं. “मंगळवारी खाणीवर दिसला नाहीस तू. कुठे होतास?”

टॉट समोरच बसलेला होता. त्यानं पेला खाली ठेवला.

“पोट बिघडलं होतं,” क्लिफ म्हणाला.

“कोवळं पोट,” लॅरी म्हणाला. “सवयीनं घट्ट होतं.” आणि स्टोबार्टनं टपालाचा गठ्ठा पुढे ओढला.

बैठक संपल्यावर क्लिफ टोपली परत द्यायला टॉटच्या दारात गेला. टॉटनं ती हातात घेतली, उघडून बघितली, तळाचा पेंढा तसाच होता. रागावला नाही. “तुझ्याकडेच राहू दे,” म्हणाला. “मला आता लागायची नाही.” पुढच्या फेब्रुवारीत तो गेला. सगळा क्लब त्याच्या शवपेटीमागे चालत गेला, आणि लॅरी रेन भर रस्त्यात डोळे पुसत म्हणाला, “आमची सुईण गेली रे.”

खाण बंद होऊनही आता खूप वर्षं झाली. क्लिफ चौदा वर्षं क्लबाचा चिटणीस होता. कार्ड आलं की पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत मोठ्यानं वाचायचा, लोक कंटाळले तरी वाचायचा. का वाचतो, ते त्यानं कधी सांगितलं नाही. टोपली ढाबळीत खिळ्याला टांगलेली आहे, कडं तिच्यात आहे. थॉर्नलॉत लेडीचा नातूसुद्धा लेडी आहे, माळ्याचा पोरगा माळी आहे. क्लिफ गौलंडला मात्र आजतागायत कुणी नाव ठेवलेलं नाही.